केसाच्या टोकाशी

मित्रांनो, परळच्या एका मोठ्या इस्पितळातला मी जुना सूक्ष्मदर्शक. जर्मनीत घडलो, बोटीनं मुंबईला आलो आणि शिकाऊ डॉक्टरांच्या हाती पडलो. काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात रोग शोधायला मदत करणं, हे माझं काम.

डॉक्टर विजयकरांनी माझ्या भिंगात बोट दाखवल्यासारखा एक केस चिकटवला होता. हवी ती पेशी नेमकी त्या केसाच्या टोकाशी आणायची आणि मग स्वतः उठून विद्यार्थ्याला बसवायचं, ही त्यांची रीत. "नाव नंतर. आधी काय दिसतंय ते सांग," म्हणायचे. तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा.

मग गिरगावात एक खासगी लॅबोरेटरी निघाली आणि सरांना तिथून बोलावणं आलं. आधी संध्याकाळी जात, पुढे दुपारीच निघू लागले. इस्पितळातल्या रक्ताच्या काचाही त्यांच्यामागोमाग तिकडेच चालल्या, कारण रिपोर्ट लवकर आणि टाइप केलेला मिळे. मृणालिनी सरांची हुशार विद्यार्थिनी, पण बिचारी नुसते रिपोर्ट वाचायला शिकली. मी धूळ खात पडलो.

छप्पन्नच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. गोळीबार, संचारबंदी. लॅब बंद, सर गिरगावात घरी अडकलेले. त्यातच डिलाईल रोडच्या कुशाबानं आपल्या बायकोला, लक्ष्मीला, पाठुंगळी घेऊन आणलं. गावाहून आल्यापासून ती तापानं फणफणत होती.

मृणालिनी लक्ष्मीच्या रक्ताची काच घेऊन माझ्यासमोर बसली. हिवतापाचे जंतू अगदी केसाच्या टोकाशी होते. मी आणखी काय करणार? ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काही दिसत नाही." औषध भलत्याच तापाचं सुरू झालं.

"डाक्तरीणबाई, ती बोलंना झालीया वो," कुशाबा दुसऱ्या दिवशी सांगायला आला. दुपारी लक्ष्मी गेली.

रस्ते मोकळे झाल्यावर सर आले. लक्ष्मीचीच काच ठेवून माझ्यात डोकावले आणि लगेच म्हणाले, "अगं, हिवताप. समोर तर आहे."

"सर, हे तुम्ही मला कधी दाखवलंत?"



यातून इस्पितळानं काय धडा घ्यावा? यापुढे एकही काच इथे बघायची नाही, सगळ्या लॅबला पाठवायच्या. मला कपाटात टाकलं.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. माझ्यासमोर शिकणाऱ्याला बसवा आणि शेजारी शिकवणारा उभा राहू द्या.

पण ऐकणार कोण? आता मृणालिनीच इथे शिकवते. काल एका नव्या मुलीनं तिच्यापुढे काच धरली.

"लॅबला पाठव," ती म्हणाली. बिचारी दुसरं काय शिकवणार?