डावखुरा फौजदार

खंडेराव जन्माचा डावखुरा. घरच्यांनी मारूनमुटकून त्याला उजव्या हातानं जेवायला आणि लिहायला लावलं होतं, पण दगड भिरकावायचा झाला की डावाच हात उठायचा. फौजदार होऊन नाशिकला आल्यावर चांदमारीवर नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादानंही उजव्याचाच हट्ट धरला. उजव्यानं मारलेल्या गोळ्या फळीच्या कडेला लागत. उस्तादाची पाठ वळली की खंडेराव डाव्यानं मारी, आणि त्या नेमक्या मध्यावर बसत.

सलीम त्याच्याबरोबरच भरती झालेला, जिवाभावाचा दोस्त. हत्यार निवडायची वेळ आली तेव्हा सलीमनं नव्या धर्तीचं पिस्तूल घेतलं. खंडेरावनंही ते डाव्या हातात धरून पाहिलं. गोळी अडवून धरणारी त्याची कळ उजव्या अंगठ्याच्या सोयीनं बसवलेली होती. ती सरकवायला त्याला दुसरा हात लावावा लागला. शिवाय गोळी सुटताच काडतुसाचं तापलेलं रिकामं पितळी टोपण डोळ्यांपुढून उडून गेलं. त्यानं पिस्तूल परत केलं आणि जुनं, गोळ्या भरायला मधोमध उघडणारं रिव्हॉल्व्हर घेतलं. ते कुठल्याही हाताला सारखंच होतं.

अडचण उरली रिव्हॉल्व्हरच्या चामडी म्यानाची. नियमाप्रमाणे ते कमरेला उजवीकडे लावायचं. डावीकडे लावू द्या, असा अर्ज त्यानं केला, तर वरच्या साहेबांनी एकामुळे सगळी रांग वाकडी दिसते म्हणून तो फेटाळला. मग सलीमनं भद्रकालीतल्या एका चांभाराकडून डाव्या बाजूचं म्यान शिवून आणलं. साहेब समोर नसले की खंडेराव ते वापरी.

१९३६च्या हिवाळ्यात साहेबांची तपासणी चालू असतानाच खबर आली. भावकीच्या भांडणात चुलत्याचा खून करून फरार झालेला पुंजा दिंडोरीच्या वाटेवर एका मळ्यातल्या खोपीत लपला होता. साहेबांनी दोघांना दोन शिपाई देऊन तसंच पिटाळलं. खंडेरावच्या कमरेला नियमाचं म्यान होतं, उजवीकडे. घरी जाऊन बदलायला सवड नव्हती.

दुपारी ते मळ्यावर पोहोचले. शिपाई खोपीच्या मागं गेले. सलीम पूर्वी पुंजाच्या गावी बंदोबस्ताला राहिला होता, त्याला ओळखत होता. पिस्तूल काढलं तर गडी बिथरेल, असं त्याला वाटलं.

"मी बोलतो, तू नजर ठेव," तो खंडेरावला म्हणाला आणि रिकाम्या हातानं दाराशी गेला.

त्यानं पुंजाला नावानं हाक मारली, कोणी मारणार नाही म्हणून सांगितलं. मग कुडाचं दार ढकलून पुंजा कोयता उगारूनच बाहेर आला.

खंडेरावनं उजव्या हातानं रिव्हॉल्व्हर ओढलं. त्याच हातानं मारायला हवं होतं. अंतर इतकं थोडं होतं की त्या हाताचीही गोळी चुकली नसती. पण सवयीनं त्यानं ते डाव्या हातात घेतलं, आणि तेवढ्यात कोयता सलीमच्या मानेवर बसला.

सलीम खाली पडला. पुंजा स्वतःच हबकल्यासारखा त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं कोयता दूर फेकला आणि गुडघ्यांवर बसला.

"टाकला, सायेब. टाकला म्या," तो म्हणाला. दोन्ही हात त्यानं पुढं केले होते.

खंडेरावनं डाव्या हातानं त्याच्या छातीत गोळी घातली. नेम चुकला नाही.

शिपाई पुढं आले तेव्हा दोघंही गेलेले होते. चौकशीत साहेबांनी स्वतःच जबाबाचा मजकूर सांगितला, पुंजानं दुसऱ्यांदा कोयता उगारला, म्हणून गोळी झाडली. खंडेरावनं खाली सही केली. साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि यापुढं म्यान डावीकडे लावायची परवानगी दिली. बाजारात लोक त्याच्याकडे बोट दाखवून सांगू लागले, दोस्ताचा बदला घेणारा तो हाच. त्याला जेवण गोड लागेना. पुढं केलेले ते दोन हात त्याला जागेपणीही दिसत.

सलीमची बायको जुलेखा हिची इद्दत, नवऱ्यामागं घरात पाळायची ती चार महिने दहा दिवसांची मुदत, संपल्यावर तो तिच्या घरी गेला. तिचे सासरे, सलीमचे वडील खाजामिया, नमाजला गेले होते. जुलेखा पडद्याआडून बोलली. तुम्ही होतात म्हणून त्यांचा मारेकरी जिवंत सुटला नाही, एवढ्यावर मी दिवस काढते, असं तिनं सांगितलं.

खंडेरावला ते ऐकवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं. हात बदलण्यात गेलेला क्षण सांगितला आणि पुंजाचंही सांगितलं.

"त्यानं कोयता टाकला होता, भाभी. तो शरण आला होता."

ती रडत असेल असं त्याला वाटलं, पण आवाज आला तो कोरडा होता.

"हे मला कशाला सांगितलंत?"

त्यानं शेजारी ठेवलेली टोपी उचलली.

"तुमचं मन हलकं झालं असेल," ती म्हणाली. "माझ्याकडे एवढं एकच होतं, तेही नेलंत. अब्बांना मात्र सांगू नका. पाचही नमाजांना ते तुमच्यासाठी दुआ मागतात."

तो उठला. तेवढ्यात खाजामिया काठी टेकत दारातून आत आले. खंडेराव दिसताच त्यांचा चेहरा उजळला. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं म्हणत त्यांनी त्याला हाताला धरून पुन्हा खाली बसवलं आणि सूनबाईला आधण ठेवायला सांगितलं. आत भांडं चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. म्हातारा सलीमच्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिला आणि खंडेराव मान हलवत ऐकत राहिला.