रंगवलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. तुम्ही माझ्याकडे बघाल आणि म्हणाल, जुना कसला, चांगला लालचुटूक तर दिसतोस. पोटावर पांढरी माणसं फेर धरून नाचतायत, गळ्याशी वेलबुट्टी आहे. तेच तर माझं दुखणं आहे. या रंगाखाली मी जुना आहे, आणि इगतपुरीजवळच्या एका कुलूप घातलेल्या घराच्या फाटकाशी एकटा उभा आहे. इथे ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसलोय.

घोटीच्या फकिरा कुंभाराने मला घडवलं. बाजारात कुसाबाई आली, तिने बोटाच्या पेराने मला टकटक वाजवलं, कान लावला आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्यो खणखणीत बोलतोय. ह्योच घ्या." तिचा नवरा खंडेराव. त्याने बैलगाडीत पेंढा अंथरून मला बसवलं आणि गावापर्यंत माझ्या गळ्यात हात टाकून राहिला. एवढ्या प्रेमाने मला पुन्हा कुणी कुठे नेलं नाही.

फाटकाजवळ जांभळीच्या सावलीत वाळू टाकून त्यांनी मला रोवलं. येणाऱ्याने आधी पाणी प्यायचं आणि मग घरात शिरायचं, अशी त्या घराची रीत होती. माझं काम म्हणाल तर फारसं काही नाही. माझ्या अंगाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं आहेत. त्यांतून पाणी पाझरतं, अंग ओलं होतं, त्याला वारा लागला की आतलं पाणी गार पडतं. मी नुसता उभा असतो. मेहनत वाऱ्याची आणि नाव माझं.

कुसाबाई रोज सकाळी विहिरीचं पाणी फडक्याने गाळून मला भरायची. दर दिवाळीला काथ्याने खसाखसा घासायची आणि वरून गेरूचा हात द्यायची. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक नसेल; आला की मुक्कामालाच येतो. तो गेरू आषाढातच धुऊन जायचा. खंडेराव तिची थट्टा करायचा. "दर साली कशाला रंगवतीस? ऱ्हात तर नाय."

"ना का राहीना. पुन्हा लावीन. हात काय मोडलेत का माझे?" ती म्हणायची.

त्यांचा मुलगा शेखर नाशिकला इंदिरानगरात राहतो. इथे आमच्या घराच्या मागे डोंगर, पुढे भाताची खाचरं. त्याच्या डोक्यात आलं की शहरातल्या माणसांना राहायला बोलवावं. माणसं येऊ लागली. कुसाबाईच्या हातची नागलीची भाकरी खात, माझं पाणी पीत आणि माझे फोटो काढत. मग शेखरने पर्यावरणस्नेही निवासाच्या मानांकनासाठी अर्ज केला. ते मिळालं की फाटकावर हिरव्या पानाची पाटी लागते, आणि ती पाटी बघूनच हल्ली बरीच मंडळी जागा ठरवतात.

तपासायला उजमा आली. नाशिकचीच तरुण मुलगी, पायात मळके बूट, बोलणं मोजकं. तिने कचरा कुठे जातो ते पाहिलं, सांडपाणी केळीला मिळतं का ते पाहिलं, पाणी तापवायचे सौर बंब पाहिले. शेवटी माझ्या पोटावर तळवा ठेवला. मी ओलागार होतो. तिने ओगराळं बुडवून पाणी काढलं, आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, "काका, हा आहे तोवर तुम्हाला बाटल्या लागणार नाहीत." पान मिळालं. मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, आता मातीच्या अंगावर चढतं तेवढंच म्हणा.

त्यानंतरच्या पावसाळ्यात कुसाबाई तापाने गेली. तिच्यामागे पाणी गाळून भरायला खंडेराव होता, पण पाहुणे नाकं मुरडू लागले. एकाला पाण्याला मातीचा वास आला, दुसऱ्याला माझ्या अंगावरचं हिरवं शेवाळ घाण वाटलं. शेखरने खोल्यांमधून सीलबंद बाटल्या ठेवायला सुरुवात केली. पान मात्र फाटकावर तसंच. मला कुणी भरेना. माझ्या तोंडात कागदी फुलं खोचली आणि मी शोभेचा झालो. शोभेचं होणं म्हणजे काय, ते एकदा रिकाम्या पोटी उभं राहून बघा.

खंडेराव मात्र रोज सकाळी यायचा. माझ्या गळ्यावर हात ठेवून उभा राहायचा. "आज दोन खोल्या भरल्यात," म्हणायचा, किंवा "आज कुणीच नाय रं." घरात बोलायला दुसरं कोण होतं त्याला? पाहुणे आले की तो त्यांना डोंगराच्या वाटा सांगायचा, जेवताना भाकरी वाढायचा, त्यांच्या पोरांशी खेळायचा. ते गेले की पुन्हा माझ्यापाशी.

मानांकनाची मुदत संपत आली. शेखर एका रविवारी आला आणि इथेच, माझ्याजवळ उभं राहून बापाला म्हणाला, "बाबा, या वेळी पान गेलं तर मी हे चालवणार नाही. घर रिसॉर्टवाल्यांना देऊन टाकतो. तुम्ही इंदिरानगरला चला. इथे एकट्याने राहायचं नाही."

"तिथं मी काय करू?"

"काय करायचंय? आराम करा."

खंडेरावने माझ्या गळ्यावर हात ठेवला. घर सोडायच्या कल्पनेनेच म्हातारा निम्मा झाला.

दुसऱ्या दिवशी तो घोटीला गेला आणि ऑइलपेंटचे डबे घेऊन आला. दोन-तीन दिवस माझ्यापुढे पाटावर बसून त्याने मला रंगवलं. आधी तांबडा, अगदी तिच्या गेरूसारखा. तो वाळल्यावर पांढरी माणसं, ढोलवाला, फेर. फेरातल्या एका बाईच्या हातात त्याने घागर दिली आणि तिच्याकडे बघत बसला. "यंदा पावसात जाणार नाय बघ," तो हळूच म्हणाला. मला म्हणाला की तिला, ते मला कळलं नाही. मी त्याला कसं सांगणार होतो की बाबा, गेरू मला श्वास घेऊ देतो आणि हा रंग माझं नाक-तोंड दाबतो? घासणं, गेरू देणं, ती सगळी कुसाबाईची कामं होती. त्याने फक्त तिला करताना पाहिलं होतं. तिचा रंग यंदा टिकावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी शेखरने बाटल्यांचे खोके गोठ्यात गवताखाली लपवले. खंडेरावने मला काठोकाठ भरलं. मला पाणी मिळालं, पण अंगातून एक थेंब बाहेर येईना. उन्हाने मी तापलो आणि आतलं पाणीही तापलं.

उजमा आली. सवयीने तिने आधी माझ्यावर तळवा ठेवला आणि लगेच मागे घेतला. ओगराळ्याने पाणी काढून एक घोट घेतला, बाकीचं जांभळीला घातलं.

"हा कुणी रंगवला?"

"मीच," खंडेराव म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "गेरू ऱ्हात नाय ना, म्हणून पक्का दिलाय."

उजमा त्या नाचणाऱ्या माणसांकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "काका, चित्रं फार सुंदर आहेत. पण हा आता पाझरत नाही."

खंडेरावने हात लावून बघितला. इकडे लावला, तिकडे लावला. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला त्याच्याइतकंच वाईट वाटलं, पण मला धड रडताही येत नव्हतं. गोठ्यातले खोके उजमाला दिसायचे ते दिसलेच. जाताना तिने पाटी उतरवली आणि महिन्याभरात सुधारणा झाली तर पुन्हा बघायला येईन, असं शेखरला सांगितलं. शेखरने मान हलवली, पण त्याचं ठरलं होतं.

निघायला जे थोडे दिवस मिळाले, ते खंडेरावने माझ्यापुढे घालवले. विटेचा तुकडा घेऊन तो मला घासत बसायचा. रंग पक्का होता, दुकानदाराने खोटं सांगितलं नव्हतं. त्याची बोटं सोलवटली. वाळूच्या जरा वर, पाटावर बसून हात पोचतो तिथे, तळव्याएवढी माती कशीबशी उघडी पडली. घागरवाल्या बाईला त्याने हात लावला नाही.

शेवटच्या सकाळी गाडी उभी असताना त्याने विहिरीवरून घागरी आणून मला भरायला घेतलं.

"बाबा, घरात कुणी नाही. कुणासाठी भरताय?" शेखर म्हणाला.

"त्याच्यासाठी," खंडेराव म्हणाला. झाकण लावलं, ओगराळं पिशवीत टाकलं आणि मागे न बघता गाडीत बसला.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस मला सांगायला नकोत. फाटक वाजत नव्हतं. गळ्यावर हात पडत नव्हता. फक्त तेवढीच एक जागा हळूहळू ओली झाली, आणि वारा आला की तिथे गार वाटायचं. तेवढ्यावर मी तग धरला.

काल उजमा आली. कुलूप बघून थबकली, मग वाकून तिने त्या ओल्या जागेवर तळवा ठेवला. ठेवूनच बसली. दुसऱ्या हाताने तिने फोन लावला. इथे इतकं सामसूम असतं की पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"काका, उजमा बोलतेय. तुमच्या फाटकाशी आहे."

"घर बंद हाय पोरी. आमी आता हिकडंच."

"रांजण एका जागी ओला आहे. हात लावला मी. गार आहे."

"पाणी किती ऱ्हायलंय?" त्याने विचारलं.

तिने झाकण उचललं. "ओल्या जागेच्या जरासं वर. पण काका, बंद घराला मला पान देता येणार नाही. खोटं कशाला सांगू?"

"पान ऱ्हाऊ दे," खंडेराव म्हणाला. "पाणी आणखी उतरलं तर ती जागा बी सुकंल. मी भरायला येतो."

उजमा गेली. पाणी आज बोटभर खाली गेलंय आणि फाटक अजून वाजलेलं नाही. शेखर त्याला सोडेल की नाही, मला माहीत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्या जातीचं कुणी असेल, तर त्याला नटवू नका. त्याला भरा, त्याचं पाणी प्या, आणि जाता-येता हात लावून बघा. आणि नाशिकच्या स्टँडवर सोललेल्या बोटांचा एखादा म्हातारा ओगराळं घेऊन इगतपुरीची गाडी शोधताना दिसला, तर त्याला तुमची जागा द्या.