जानकीने दाबून घेतलेला गेम

मी एक जुना, विटा रचायचा व्हिडिओ गेम आहे, मित्रांनो. तळहातावर मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. पडद्यावर वरून काळ्या विटा पडतात, त्या फिरवून ओळीत बसवायच्या, एवढाच माझा संसार.

१९९८ साली मी मालवणच्या बाजारात गुरुदासच्या दुकानात आलो. काय तोरा होता माझा! माझी भावंडं हातोहात खपली, मी मात्र नमुना म्हणून काचेत राहिलो. मग रंगीत पडद्याचे गेम आले आणि माझी रवानगी रिकाम्या खोक्यांमागे झाली. एकूण अकरा वर्षं दुकानातच! वाईट वाटायचं हो, खोटं कशाला बोलू?

२००९च्या आषाढात मासे विकणारी जानकी दुकानात आली. तिचा नवरा बाबली होडीचा तांडेल, म्हणजे सुकाणू धरणारा. जाळं ओढताना दोरात सापडून त्याचा उजवा अंगठा आखडला होता. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलवत राहा, नाहीतर सुकाणू विसरा. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू बाबलीने भिरकावला. "माका काय पोर समाजलास?" पण पूर्वी पावसात होड्या वर ओढल्या की तो विटांचा खेळ तासन्‌तास खेळायचा, हे जानकीला आठवलं.

गुरुदासने चार गेम मांडले. एकाला तर बटणंच नव्हती, नुसता गुळगुळीत पडदा. तो तिने बाजूला सारला. बाकीच्यांची बटणं, बांगडा ताजा की शिळा हे बोटाने पारखावं तशी दाबून पाहिली.

"ह्येचां बटण रुतलां, वर येना नाय. शिळो!"

शेवटी गुरुदासने मला खोक्यांमागून काढून माझ्यावरची धूळ पुसली. तिने दाबलं, माझं बटण टुणकन वर आलं.

"ह्यो ताजो! ह्योच दी."

"वयनी, अकरा वर्षां जुनो आसा तो!"

"मेल्या, वय कोण इचारता?"

मित्रांनो, मी चक्क लाजलो.

पहिले आठ दिवस हाल झाले. अंगठा वळेना, विटांचा ढीग व्हायचा आणि बाबली मला आपटायचा. एकदा तर त्याने मला अंगणातल्या वाळूत फेकलं. जानकीने उचललं, आणि होडीवरून आलेली खारट वस्तू धुवावी तसं मला गोड्या पाण्यात बुचकळलं! संपलो, म्हटलं. तीन दिवस चुलीच्या उबेला सुकत पडलो. बाबली येरझारा घालत होता.

"चलता काय गो? बघ तरी!"

सेल घातले, मी टूं केलं. बाबलीचे डोळे भरून आले. त्यानंतर त्याने मला कधी आपटलं नाही. रोज दुपारी खेळायचा, आणि अंगठा तसूतसूने वळू लागला.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला आणि दुसऱ्या दिवशी बाबलीने सुकाणू धरलं, उजव्या हाताने. किनाऱ्यावर जानकी हसत हसत रडली.

आता होडी रोज जाते. जानकीने सेल काढून मला फळीवर ठेवलंय. तुम्हीही काढत जा रे. आत राहिले की ते पाझरतात नि आम्ही गंजतो. बाकी माझं मागणं नाही. बाबली मला साफ विसरलाय. पूर्वी कुणी विसरलं की जीव तुटायचा. आता पहाटे त्याच्या होडीचं इंजिन ऐकतो आणि म्हणतो, विसर रे बाबा, खुशाल विसर!