काच पुसली, ओळ राहिली

मी एक जुना संगणक आहे. बसायच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. माझी कड पिवळी पडली आहे आणि पंखा असा घरघरतो की पाहुण्यांना वाटतं, आत कोणी झोपलंय.

मित्रांनो, मी एका मोठ्या कारखान्यात जन्मलो. त्या दिवशी माझ्यासारखे तीनशे जन्मले, त्यामुळे कौतुक कोणाचंच झालं नाही. ते या घरात आल्यावर झालं. घरात तिघं: चष्म्याचं दुकान चालवणारे मालक, त्यांची आई आणि त्यांची बायको. बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

कौतुक होतं ते माझ्या स्मरणशक्तीचं. एकदा पाहिलेलं पान मी विसरत नाही. पुढच्या वेळी दोन अक्षरं टाइप केली की अख्खी ओळ पुढे करतो. सासूबाई म्हणायच्या, "माणसापेक्षा बरा. मला सकाळची गोळी घेतली की नाही, तेसुद्धा आठवत नाही." मी फुगून जायचो.

मालकांना एक गोष्ट खपत नसे: काचेवरचा बोटाचा ठसा. दिवसभर भिंगं पुसून नजरच तशी झाली होती. आरशावर ठसा दिसला की विचारत, "हे कोणाचं बोट?" उत्तर वहिनींनी द्यायचं असे. उत्तरावर पुढचं काही अवलंबून नसे, पुढचं ठरलेलंच असे. भर उन्हाळ्यात वहिनी मनगटापर्यंत बाह्या घालत. "किती गं उकडत असेल तुला!" शेजारीण म्हणे. "सवय झाली," वहिनी म्हणत.

एका सोमवारी मालक दुकानात गेल्यावर वहिनी माझ्यासमोर बसल्या. त्यांचा फोन मालक रोज संध्याकाळी चाळत, म्हणून मी. शोधत शोधत त्या एका साइटवर पोचल्या. वर लिहिलं होतं, 'घरात मारहाण होतेय? आमच्याशी बोला.' पलीकडच्या ताईंनी लिहून विचारपूस केली आणि याच पानावर पुन्हा बोलायला पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारची, सकाळी अकराची वेळ दिली. वहिनींनी घर सोडून कुठे जायचं, कसं जायचं, ते त्या दिवशी ठरणार होतं.

साइट चांगली होती. कोपऱ्यात लाल बटणही होतं: 'लगेच बाहेर पडा.' वहिनींनी दाबलं, तर समोर हवामानाचं पान आलं. ढगाळ, पाऊस नाही. मग त्यांनी मालकांचं भिंगं पुसायचं मऊ फडकं आणलं. माझी काच पुसली, एकेक कळ पुसली, माऊस पोटाखालूनही पुसला. बोट कुठेही राहिलं नाही. त्यांना वाटलं, झालं.

मित्रांनो, माझ्यात एक खाजगी खिडकी आहे. तिच्यातून कुठेही जाऊन या. ती बंद केली की मी नोंद ठेवत नाही. पण ती आधी उघडावी लागते, आणि ती असते तीन ठिपक्यांमागच्या यादीत. साइटनं हे लिहिलं होतं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. तिथवर पोचणारा माणूस नोंद होऊनच पोचतो. साइटला ती खिडकी आपणहून उघडता येत नाही, माझ्यात तशी सोयच कोणी केलेली नाही. म्हणजे आगीचा बंब दारात उभा, आणि नळी कुठे आहे ते जळणाऱ्यानं शोधायचं.

रविवारी दुपारी सासूबाईंचा गुडघा धरला. "अरे, त्यात बघ ना एखादा घरगुती उपाय."

मालक बसले. एका बोटानं 'घ' दाबला, मग 'र' दाबला. आणि मी, इतक्या वर्षांच्या सवयीनं, तत्परतेनं ओळ पुढे केली: 'घरात मारहाण होतेय? आमच्याशी बोला.'

ती मला मागे घेता आली नाही.

मालक ओरडले नाहीत. "हे कोणी उघडलं?"

सासूबाईंनी ओळ वाचली. म्हणाल्या, "मीच असेन. गुडघ्याचं बघताना."

"तुला माऊस धरता येतो, आई?"

"न यायला काय झालं?"

"मग धर बघू."

सासूबाईंनी माऊस उचलला आणि माझ्या काचेला टेकवला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

सोमवारी मालकांनी माझी वायर गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातली आणि दुकानात नेली. आता रोज नेतात. दाराला बाहेरून कुलूपही लावतात. "आईची काळजी वाटते," असं त्यांनी शेजारणीला सांगितलं. "किती करतात हो आईचं!" ती म्हणाली.

गुरुवारी अकराला वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. उजवा हात फडक्याच्या झोळीत गळ्याशी अडकवलेला. सासूबाई भिंत धरत धरत आल्या.

"माझ्या मेल्या गुडघ्यानं घात केला गं."

"गुडघ्याचं काय हो आई त्यात."

माझ्याकडे दोघींनी बोट दाखवलं नाही. मी समोरच होतो. ताई तिकडे थांबल्या असतील. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग पुढच्या बाईकडे वळल्या असतील.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. यंत्रावर पाणी सांडू नका, धूळ बसू देऊ नका, हे तुम्हाला शाळेतही सांगतात. पण तुमच्यातलं कोणी उद्या अशी साइट बांधेल, कोणी माझ्यासारख्याला घडवेल. तेव्हा एवढं करा: त्या साइटला दारातच मला सांगता येऊ द्या, 'या बाईंची नोंद ठेवू नकोस.' मी ऐकेन. विसरणं मला आठवण्याइतकंच सोपं आहे. फक्त ते काम त्या बाईंवर सोपवू नका. ठिपके शोधायला त्यांना सवड नसते. त्यांचे कान जिन्यावरच्या पावलांकडे असतात.