ड्रॉवरचं मशीन

मंद्रूपच्या रस्त्यावर टेम्पोनं उडवलं त्या दिवसापासून विजयमालाचं कमरेखालचं अंग लुळं पडलं होतं. चाकाच्या खुर्चीवरून ती आपल्याच घरात पाहुणीसारखी फिरायची. स्वयंपाक सासू, तानाबाई, करायची, भांडीही सासूच घासायची. तानाबाईचे गुडघे पार गेलेले. मोरीशी बसली की उठताना भिंतीला नखं रोवायची. कामाला बाई ठेवली तर तिच्याशी भांडण काढून तिला घालवून द्यायची.

एका दुपारी भांड्यांच्या आवाजातून तानाबाईचं पुटपुटणं विजयमालाच्या कानावर आलं. "सिद्धरामेश्वरा, मला तरी ने, न्हायतर तिला तरी ने. दोघींचं असलं जगणं नगं बाबा."

विजयमालानं खुर्ची गुपचूप मागं घेतली. राग आला असता तर बरं झालं असतं. पण हेच मागणं तिनंही कितीदा मागितलं होतं.

संध्याकाळी नवरा, धनाजी, कारखान्यातून आल्या आल्या तिनं त्याचा हात धरला. "मला भांडी धुयाचं मशीन आणून द्या."

"आई हाय की. आन् पाणी कुटं रोज येतंय?"

"नळाखाली धुण्यापरीस मशीनला कमी लागतं. आणा, न्हायतर मला वळसंगला माहेरी टाकून या."

रविवारी तो तिला दुकानात घेऊन गेला. विक्रेता सगळं धनाजीलाच समजावत होता. त्यानं नेहमीच्या मशीनचं दार खाली पाडलं आणि विजयमालाची खुर्ची त्या दाराशीच अडली. तिनं वाकून हात लांबवला, तर मागच्या जाळीपर्यंत बोटंही पोचेनात. आणखी वाकली आणि तोल गेला. धनाजीनं बखोटीला धरून सावरलं. आजूबाजूची गिऱ्हाइकं बघायला लागली.

"बास झालं. चल घरी."

"मॅडम, एक ड्रॉवरवालं आहे," विक्रेता पहिल्यांदाच तिच्याकडे बघून म्हणाला. "पण निम्मीच भांडी बसतात. परात, तवा विसरा. आणि बिघडलं तर मेकॅनिक पुण्याहून येणार."

तिनं खुर्ची बाजूला लावून मूठ ओढली. कपाटाचा खण यावा तसा तो ड्रॉवर तिच्या मांडीशेजारी येऊन थांबला. आतलं सगळं वरूनच दिसत होतं. तिनं नमुन्याची बशी त्यात ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

"निम्म्या भांड्यासाठी एवढा खटाटोप?" धनाजी म्हणाला. "त्यापरीस ते मोठं घिऊ. आई भरंल की."

विजयमालानं मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरली. "आत्याबाई मरणाची वाट बघायल्यात हो. त्यांच्या, न्हायतर माझ्या. ह्या कानानं ऐकलंय मी. मला निम्मं तरी काम द्या. असं नुसतं बसून माझ्यानं आता..."

धनाजीनं खिशातून पाकीट काढलं. विक्रेत्याला म्हणाला, "हेच द्या."

मशीन ओट्याखाली बसलं. जेवणं झाल्यावर तानाबाई ताटं उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."

एकेक ताट मांडीवर घेऊन विजयमाला ओट्यापाशी गेली. दंड भरून आले, एक वाटी घरंगळत कोपऱ्यात गेली. परात आणि तवा मोरीतच राहिले. तिनं ड्रॉवर ढकलून बटण दाबलं. आत पाणी घुमायला लागलं.

तानाबाई दाराला टेकून बघत होती. "मग मी काय करू गं आता?" तिचा आवाज भ्यालेला होता.

विजयमालानं खुर्ची वळवली. "माझी वेणी घाला की. दवाखान्यातनं आल्यापासनं नीट घातलीच न्हाई कुणी."

तानाबाई भिंत धरत धरत फणी शोधायला गेली.