लेबल बघून घरात घेतलेली चौथी

मी बोलतेय, दवाखान्याचे जुने केसपेपर शोधून देणारी मशीन. आम्ही तिघी, त्यातली मी थोरली. दूरच्या एका इमारतीत भाड्याच्या जागेत राहतो. त्याला क्लाउड म्हणतात. ढगबिग काही नाही, नुसता पंख्यांचा घोंगाट.

कागद आम्ही वाटून घेतलेत. कुणी नाव विचारलं की प्रत्येकीनं आपलं गाठोडं सोडायचं. पण आमचे पत्ते सारखे बदलतात, मग एकमेकींना शोधायचं कसं? आम्हाला सांभाळणाऱ्या ताईंनी सोय केली. प्रत्येकीवर 'घरची' असं लेबल लावलं. ते जिच्यावर दिसेल तिला आपोआप आत घ्यायचं आणि कामाचा वाटा द्यायचा.

मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण माणसांची रीतच ती. आतून "कोण?" विचारतात आणि बाहेरून "मी!" आलं की खुशाल कडी काढतात.

एका सकाळी चौथी आली. लेबल 'घरची', वळण हुबेहूब धाकटीचं. मला खटकलं. नोंदवहीत मी लिहिलंही, 'ही कोण?' वाचतंय कोण! नियमाप्रमाणे आम्ही गाठोडी हलकी करून तिच्या हवाली केली. आमच्याकडे प्रत्येक कागदाची प्रत एकच, ती तिच्याकडे गेली.

ताईंच्या शेजारच्या टेबलावरच्या चष्मिष्टानं प्रयोगासाठी धाकटीची नक्कल काढली होती, लेबलासकट. दुपारी प्रयोग संपला आणि त्यानं ती पुसून टाकली. आमचे कागदही तिच्याबरोबर गेले.

तासाभरात दवाखान्यातून एका बाईंचं नाव आलं. पेनिसिलिनचा त्रास आहे का? पडद्यावर उमटलं, 'काही सापडलं नाही.'

"नोंद नाही म्हणजे त्रास नाही," डॉक्टर म्हणाले. "द्या इंजेक्शन."

सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. "सर, मागच्या खेपेला यांच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. मीच लिहिलंय."

"मग दिसत का नाही?"

"ते त्या मशीनला विचारा. मी टोचणार नाही."

फोन ताईंकडे गेला. त्यांनी आमची यादी उघडली आणि चष्मिष्टाकडे वळल्या. "चौथी कुणाला घेतलंस रे घरात?"

"मॅडम, नुसती कॉपी मारली हो..."

"आणि लेबल? माझा स्वेटर घातला म्हणून कुणी माझी बहीण होतं का?"

आदल्या दिवशी बाजूला काढून ठेवलेल्या साठ्यातून कागद परत आले. त्यात सिस्टरची ओळ होती: पेनिसिलिन देऊ नये.

आता लेबलाबरोबर प्रत्येकीला आपली वेगळी किल्लीही दाखवावी लागते, आणि प्रत्येक कागद दोघींकडे असतो. तरी नवी कुणी आली की मी डोळे बारीक करतेच. तुम्हीही माझ्याकडे तसंच बघा. मी 'सापडलं नाही' म्हणाले, तर मला सापडलं नाही एवढंच खरं. तेवढ्यावर सुई उचलू नका.