गोळी विरघळेपर्यंत

"आ करा. जीभ वर. हां, आता तोंड बंद, आणि सात मिनिटं एक अक्षर बोलायचं नाही. बोलायचं काम माझं."

ज्योतीरामने तोंड मिटलं आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसला. मी सुरू झाले. सांगवीच्या पुलावर आज स्कूटर कशी अडकली, सासूबाईंनी दुधीच्या भाजीत पुन्हा गूळ कसा ओतला, सगळं सांगितलं. तो ऐकत होता. न ऐकून सांगतो कुणाला?

आमच्या केंद्रात गर्दची नशा सोडू बघणाऱ्या माणसांना रोज एक गोळी देतात. ती कुटून जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत नर्सने समोर बसून लक्ष ठेवायचं, नाहीतर काही महाभाग ती तोंडातून काढून बाहेर विकतात. आता सात मिनिटं एखाद्या माणसाच्या तोंडाकडे नुसतं बघत बसणं मला जमत नाही. म्हणून मी बोलते. माझ्या पाठीमागे सगळे मला रेडिओ म्हणतात. म्हणोत बापडे.

ज्योतीराम लातूरकडचा, राहायला काळेवाडीत. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. पाठ गेली तेव्हा दुखण्याच्या गोळ्या खाऊन डबल शिफ्ट मारायचा. मग गोळ्या पुरेनात, आणि कुणीतरी गर्दची पुडी हातात ठेवली. नोकरी गेली, घरातला मिक्सर गेला. एकदा तर शेगडीवरची अर्धी शिजलेली डाळ खाली उतरवून त्याने सिलिंडर विकला. हे त्यानेच मला सांगितलं होतं, पहिल्या आठवड्यात, मान खाली घालून. त्यानंतर दोन वर्षं झाली. आमच्या गोळीशिवाय त्याने कशालाही हात लावला नाही. रोज सकाळी नऊला माझ्यापुढे हजर व्हायचा आणि इथून एका कुरिअरच्या गोदामात जाऊन दुपारी एकपर्यंत काम करायचा.

दिवाळीनंतर आढाव्याचे फॉर्म भरायचे होते. त्यात एक ओळ असते, 'रुग्णाचे उद्दिष्ट'. मी त्याला विचारलं, "तुमचं उद्दिष्ट काय लिहू?"

"म्हंजी?"

"म्हणजे या उपचारातून तुम्हाला काय मिळायला हवं?"

त्याने बराच विचार केला. "घराची किल्ली," तो म्हणाला.

मी हसले. हसायला नको होतं. त्याची बायको दुर्गा तळवड्याला एका छोट्या कंपनीत पॅकिंगला जाते. सकाळी घराला कुलूप लावते ते साडेचारला येऊन उघडते. एक वाजता कामावरून सुटलेला हा माणूस साडेचारपर्यंत स्वतःच्या दारातल्या पायरीवर बसून असायचा. डबा तिथेच खायचा. पाणी शेजारच्यांकडे मागायचा. येणारेजाणारे बघायचे. दोन वर्षं हे चाललं होतं आणि मला, रोज त्याच्यापुढे तोंडाचा पट्टा चालवणारीला, याचा पत्ता नव्हता. असणार कसा? मी त्याला बोलू कधी दिलं होतं?

"मग दुर्गाताई देत का नाहीत किल्ली?"

"ती म्हणती, ही गोळी पण नशाच हाय. आदी गोळी सोडा, मंग किल्ली देते."

"एवढंच ना? मग तेच लिहू." आणि मी लिहिलं, 'औषध पूर्ण बंद करणे'. फॉर्मवर ते बरं दिसत होतं. किल्ली म्हटलं असतं तर वरच्या ऑफिसात लोक हसले असते. शिवाय आमचे किती पेशंट गोळीतून सुटले हे दर बैठकीत विचारतात, आणि माझ्या यादीत एकही नव्हता. हे मी आज कबूल करते. तेव्हा मनातल्या मनातसुद्धा केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचे डॉक्टर, निरंजन सर, राऊंडला आले. माणूस सज्जन, पण सदा घाईत. ज्योतीरामच्या जिभेखाली नुकतीच गोळी ठेवली होती. सरांनी फॉर्म वाचला.

"ज्योतीराम, औषध बंद करायचं म्हणताय? बऱ्याच जणांना हे वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही. तुम्हाला खरंच बंद करायचंय का?"

ज्योतीरामचं तोंड बंद. त्याने माझ्याकडे बघितलं. तोंडातली गोळी गिळली तर ती वाया जाते, म्हणून बोलायची सोय नव्हती. पाच मिनिटं थांबलो असतो तर काही आभाळ कोसळत नव्हतं.

"हो सर," मी म्हणाले. "त्यांनी स्वतःच ठरवलंय."

ज्योतीरामने मान हलवली. सरांनी सही केली.

मग तीन महिने आम्ही डोस उतरवत गेलो. त्याचे गाल बसले. बाकावर बसल्या बसल्या पाय हलवायचा. एकदा म्हणाला, "सिस्टर, झोप लागंना. हाडं दुखायलीत." मी म्हटलं, "थोडे दिवस काढा, होईल सवय." सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

शेवटचा डोस झाला त्यानंतर दोन दिवसांनी तो मुद्दाम आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. खिशातून लाल दोऱ्यात ओवलेली किल्ली काढून त्याने माझ्या काउंटरवर ठेवली. "काल कामावरनं आलो, कुलूप काढलं, पंका लावला आणि आडवा झालो," तो म्हणाला. "घरात जेवलो, सिस्टर." मी सगळ्या स्टाफला बोलावून ती किल्ली दाखवली. फार आनंद झाला होता मला. त्याच्याहून जास्त, असं आता वाटतं.

एकोणिसाव्या दिवशी तो परत आला. या वेळी दुर्गा बरोबर होती. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कंपनीचा निळा ॲप्रन तसाच अंगावर, कामावरून सुट्टी मागून आलेली. ज्योतीरामने किल्ली काउंटरवर ठेवली आणि बाजूला उभा राहिला.

"ऐतवारी पुडी घेतली एकदा," तो म्हणाला. "काल दुपारी घरात एकलाच होतो. हात सिलिंडरच्या रेग्युलेटरवर गेला, सिस्टर. शेगडीवर काईच नव्हतं, तरी गेला. मंग भाईर आलो, कुलूप लावलं, किल्ली शेजारणीपाशी दिली आणि बसलो पायरीवर."

"मी आले तर हे बसलेले," दुर्गा म्हणाली. "मला वाटलं किल्ली हरवली ह्यांनी. तर म्हणाले, हरवली न्हाई, तूच ठेव. मी न्हाई घेतली." तिने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमीच ह्यांना म्हणलात ना, सुटलंय म्हणून?"

मी तिला समजावलं. ही गोळी म्हणजे नशा नव्हे, ती चालू असते तेव्हा माणूस धड असतो, कामावर जातो. दोन वर्षं ते धड होते. किल्ली तेव्हाच द्यायला हरकत नव्हती.

"मंग हे तवाच का न्हाई सांगितलं मला? एक फोन तरी करायचा."

तिचा नंबर फॉर्मवर होता, उद्दिष्टाच्या बरोबर खाली.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "त्यांनी किल्ली मागितली होती, मी भलतंच लिहिलं."

दुर्गाने काउंटरवरच्या किल्लीकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचं चुकलं, मान्य. पर आता मला भ्या वाटतं, ताई. कामावर जीव लागत न्हाई. सिलिंडर दिसतो नुसता."

निरंजन सरांनी त्याला तपासलं. गोळी पुन्हा सुरू करायचं ठरलं, या वेळी किती दिवस हे न ठरवता. मी नवा फॉर्म घेतला आणि आधी त्यालाच विचारलं, तोंडात गोळी ठेवायच्या आधी. "उद्दिष्ट?"

"तेच," तो म्हणाला.

मी लिहिलं, 'घराची किल्ली'. त्याने वाकून ती ओळ वाचली. मग आ केला, जीभ वर केली. मी भुकटी ठेवली आणि तो बाकावर जाऊन बसला.

किल्ली अजून काउंटरवरच होती. दुर्गाने ती उचलली. क्षणभर नवऱ्याकडे बघितलं, आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात टाकली. ज्योतीराम बघत होता. त्याने हात जरासा उचलला, काहीतरी सांगायचं होतं, पण तोंड उघडता येत नव्हतं. हात परत मांडीवर ठेवला. त्या सात मिनिटांत मी एक शब्द बोलले नाही.

वेळ झाली. "आ करा," मी म्हणाले. जिभेखाली काही उरलं नव्हतं.

तो उठला, दुर्गापाशी गेला. "त्या कप्प्याची चेन गेलीया," तो हळू आवाजात म्हणाला. "बसमदी पडंल. आतल्या कप्प्यात ठेव."

तिने किल्ली काढून आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन लावली.